अकरा खात्यांचा धनी

उचगावात जैन बस्तीमागच्या गल्लीत शांतिनाथ चौगुले राहतात. भिडस्त माणूस. रिक्षावाल्यानं चुकीच्या चौकात सोडलं तरी "मला हितंच उतरायचं होतं" म्हणून उतरतील आणि उरलेली वाट उन्हातनं चालत येतील. गल्लीतल्या लग्नात आहेर लिहायला कोण? चौगुले. कुणाच्या नव्या सुनेला बँकेत खातं काढून द्यायला कोण? चौगुले. शेजारच्या झुंबरबाईंचा मुंबईचा भाचा आला आणि त्याला रंकाळा बघायची हुक्की आली, तर स्कूटरवरनं फिरवून आणायला कोण? तेही चौगुलेच, आणि पेट्रोल त्यांचंच. नाही म्हणायची वेळ आली की त्यांच्या तोंडातनं आधी "बघूया" निघतं, मागोमाग "व्हय की" निघतं, आणि "न्हाय" हा शब्द घशातच कुठंतरी आडवा पडतो.

त्यांच्या बायकोचं, राजमतीवहिनींचं, सगळं उलटं. वहिनी पिशवी घेऊन मंडईत शिरल्या की भाजीवाला आपणहून तराजू पुसून ठेवतो. एका घरात एवढा नकार आणि एवढा होकार पंचवीस वर्षं कसा नांदला, हा गल्लीला पडलेला जुना प्रश्न आहे. झुंबरबाईंचं म्हणणं असं की, त्या घरात दोघांचं मिळून एकच मत होतं आणि ते वहिनींकडं असायचं.

यंदा चातुर्मासाला गावात महाराज उतरले. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली. वहिनींना सोनं नको होतं, साडी नको होती, सहल तर नकोच, कारण सहलीत चौगुले ड्रायव्हरच्या भिडेनं पुढच्या सीटवर बसून त्याच्याशीच बोलत राहिले असते. वहिनींनी ठरवलं की दोघांनी मिळून महाराजांसमोर नियम घ्यायचा. चार महिने संध्याकाळचं जेवण सूर्य मावळायच्या आत, आणि दोघांनी एकत्र बसून. एक नसला तर दुसऱ्यानं घास घ्यायचा नाही.

"अवो, पंचवीस वर्षं तुमची पाठच बघत आलो मी," वहिनी म्हणाल्या. "सकाळी जाताना पाठ, रात्री टीव्हीसमोर पाठ. चार महिने तरी उजेडात तोंड बघून जेवूया."

"व्हय की," चौगुले म्हणाले, आणि जन्मात पहिल्यांदा मनापासून म्हणाले. अवघड काहीच नव्हतं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, विजयसिंहांच्या ओतकामाच्या फाउंड्रीत ते हिशेबाला. ऑफिस पाचला सुटायचं. हायवेला लागायचं, डाव्या खांद्यावर सूर्य घेऊन यायचं, घरी हातपाय धुऊन पाटावर बसायचं, तरी आषाढातला सूर्य वर तसाच लोंबकळत असायचा.

आता विजयसिंहांविषयी. माणूस दिलदार. कामगाराच्या घरात लग्न निघालं की मांडवाचा खर्च यांचा. एकच खोड. दुसऱ्याकडं काही बघितलं की आपल्याकडं पाहिजे. पाहुण्याच्या गोठ्यात मुऱ्हा म्हैस बघितली, पंधरा दिवसांत मुऱ्हा आणली. मित्राच्या बंगल्यात कारंजं बघितलं, दारात कारंजं उडवलं. आणि जूनमध्ये एका पाहुण्याच्या फाउंड्रीत जाऊन आले तर तिथं भिंतीवर भलामोठा पडदा, आणि त्यावर खात्याखात्याचा रोजचा खर्च हिरव्या-तांबड्या रंगात लुकलुकत होता. विजयसिंह त्या पडद्यापुढनं हललेच नाहीत.

"चौगुले, आपल्याकडं पायजे हे. मॅनेजमेंट लेजर म्हनत्यात त्याला."

"लेजर हाय की आपलं, दादा."

"ते तुमचं सरकारला दाखवायचं. हे मालकानं बघायचं."

फरक खरंच तेवढाच होता, आणि तेवढ्यातच सगळं आलं. जुनं लेजर, म्हणजे खातेवही, विचारायचं, खर्च कशावर झाला? वाळू, भंगार लोखंड, वीज, पगार. लिहिलं की संपलं, वाळू काय उलटून बोलायची नाही. नवं लेजर विचारत होतं, खर्च कुणामुळं झाला, आणि ठरल्यापेक्षा जास्त का झाला?

सॉफ्टवेअर बसवायला पुण्याहून स्नेहल नावाची मुलगी आली. हुशार पोरगी, बोलायला गोड, फक्त एकदा सुरू झाली की श्वास घ्यायला थांबायची नाही. तिनं फाउंड्रीची अकरा खाती पाडली. वाळू वेगळी, साचे वेगळे, भट्टी वेगळी, घासकाम वेगळं, अशी. मग सगळ्या खात्यांच्या मुकादमांना ऑफिसात बोलावून घेतलं.

"प्रत्येक खात्याला एक जबाबदार व्यक्ती लागेल," स्नेहल म्हणाली. "नाव टाकलं की त्या खात्याचा रोजचा खर्च त्यांच्या मोबाइलवर जाईल. बजेटपेक्षा जास्त झाला तर त्यांनी कारण लिहायचं. अगदी सोपं आहे. साच्यांच्या खात्याला कुणाचं नाव टाकू?"

सगळ्यांनी साच्यांच्या ज्ञानूकडं बघितलं. ज्ञानू पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता.

"माझं नाव घालू नगा," तो म्हणाला.

"का हो, काका?"

"आमच्या आबांनी एकदा पतसंस्थेत जामीन म्हनून नाव दिलतं. गोठ्यातल्या दोन म्हशी गेल्या. तवापास्नं आमच्या घरात कुटंबी नाव द्यायचं न्हाय. रेशनकार्डावर हाय तेवढं बास."

"अहो, हे जामीन राहणं नाही."

"नाव हाय न्हवं? मग जामीनच."

भट्टीचा विश्वजित तसा शिकलेला, डिप्लोमावाला. त्याच्याकडनं स्नेहलला आशा होती. तो म्हणाला, "मॅडम, मी भट्टी सांभाळतो, भट्टीचं लाइटबिल न्हाय. वीज जास्त जळली तर मी काय करू, फुंकर मारू?"

आपल्याकडं सातबाऱ्यावर नाव चढवायला भाऊ भावाच्या अंगावर जाईल. पण कारखान्याच्या खर्चाला नाव लावा म्हटल्यावर अकराच्या अकरा खाती एकदम वैरागी झाली. घासकामवाल्याला तंबाखू आठवली, वाळूवाल्याला घरनं फोन आला. स्नेहल घड्याळाकडं बघायला लागली. संध्याकाळची पुण्याची गाडी होती तिची, आणि नावांशिवाय सॉफ्टवेअर पुढं सरकत नव्हतं. तिचा चेहरा असा उतरला की चौगुले खुर्चीतनं उठलेच.

"माझं घाल," ते म्हणाले. "तात्पुरतं. मागनं बदलूया."

"सगळ्यांना तुमचंच, सर?"

"व्हय की."

स्नेहलनं अकरा वेळा शांतिनाथ चौगुले लिहिलं. ज्ञानूनं स्वतःच्या खिशातनं सगळ्यांना चहा सांगितला. ज्ञानूनं चहा पाजला, ह्यावरनंच चौगुल्यांनी ओळखायला पाहिजे होतं.

जुलैची पहिली तारीख उजाडली, नवं लेजर चालू झालं, आणि चौगुल्यांना कळलं ते असं. दिवसपाळी सुटली की अकरा खात्यांचे आकडे येणार. जिथं तांबडं दिसेल तिथं जबाबदार माणसानं कारण लिहायचं. कारण लिहिल्याशिवाय दिवस बंद होणार नाही, आणि दिवस बंद झाला नाही तर दुसऱ्या सकाळी स्टोअरमधनं माल काढायची चिठ्ठीच निघणार नाही, म्हणजे फाउंड्री उभी. घरी बसून करावं म्हटलं तर ऑफिसाबाहेरनं उघडायची सोय वेगळे पैसे पडतात म्हणून विजयसिंहांनी घेतलेली नव्हती. आणि नाव बदलायचं म्हटलं तर तसा निरोप नव्या माणसाच्या मोबाइलवर जाणार, त्यानं "मान्य" दाबलं तरच बदलणार. जो आधी नको म्हणाला तो आता मान्य कशाला दाबेल?

पहिल्याच दिवशी साच्यांचं खातं तांबडं झालं. वाळू जास्त. चौगुले उठून साच्यांच्या शेडमध्ये गेले.

"ज्ञानू, आज वाळू का जास्त गेली?"

"अण्णा, वाळू हाय ती. सांडती."

चौगुले परत आले, "वाळू सांडली" असं लिहिलं. पडद्यावर आलं, कारण अपुरं आहे. परत गेले.

"कशी सांडली, ज्ञानू?"

"कशी म्हंजे? खाली सांडली."

"वाळू खाली सांडली." अपुरं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ज्ञानू हातपाय धुऊन वडापच्या रिक्षासाठी उभा होता.

दुसरा कुणी असता तर कालचं कारण उचलून आजच्या जागी चिकटवून मोकळा झाला असता. विश्वजितनं तसं सुचवलंही. "अण्णा, कालचंच चिकटवा की. कोन वाचतंय?"

"काल पाऊस होता, विश्वजित. वाळू वली झालती. आज ऊन हाय."

"मग उनाचं लिवा."

"उनानं वाळू जास्त लागती व्हय?"

"मला काय म्हाईत? मी भट्टीवाला."

तर असं. महाराजांसमोर नियम घेतलेला माणूस, संध्याकाळी पोटासाठी खोटं लिहून घरी जायचं म्हणजे कसलं जेवण ते! म्हणून चौगुले खऱ्या कारणाच्या मागं एका शेडमधनं दुसऱ्या शेडमध्ये फिरायचे. खरं कारण बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसायचं. आणि ज्याला माहीत असायचं, तो आपलं नाव निघेल म्हणून सांगायचा नाही.

आषाढ कसातरी निभावला. सूर्यच तेव्हा उशिरापर्यंत कामावर असायचा. झुंबरबाईंना नवी करमणूक मिळाली. त्या कट्ट्यावर तांदूळ निवडत एक डोळा मावळतीला आणि एक डोळा गल्लीच्या तोंडाला लावून बसायच्या. चौगुल्यांची स्कूटर वळली की हाळी, "आलं गं राजमती, आलं! सूर्य अजून पाण्याच्या टाकीवर हाय. वाढ!" चौगुले स्कूटर आडवी टाकून हेल्मेटसकट आत पळायचे, आणि पाटावर बसल्यावर वहिनी हेल्मेट काढून घ्यायच्या.

श्रावणात सूर्य टाकीखाली गेला. आठवड्यातनं एकदोन दिवस हुकायला लागले. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात दोघांचे तसेही उपास होते, ते दिवस त्यातल्या त्यात सुखाचे गेले. पण पुढं अश्विन लागला आणि सूर्यानं घाई धरली. रोज थोडं लवकर. चौगुले हायवेवर असतानाच डाव्या हाताला तो तांबडा व्हायचा, पडद्यावरच्या खात्यांसारखा, आणि उचगावचा फाटा यायच्या आत उसात बुडायचा. त्यानंतरचं अंतर चौगुले अगदी हळू यायचे. घाई कशाची?

घरात दोन ताटं झाकून ठेवलेली असायची. वहिनी त्यांच्याशेजारी बसलेल्या. चौगुले दारात आले की त्या उठायच्या, ताटातलं डब्यात भरायच्या आणि डबा झुंबरबाईंच्या घरी द्यायच्या, कारण झुंबरबाईंकडं रात्रीच जेवतात. गरम ज्वारीची भाकरी, दोडक्याची भाजी, वहिनींच्या हातची शेंगदाण्याची चटणी. चौगुले उशिरा आले की आपल्या ताटात दोडका येतो, हे ध्यानात आल्यापासनं झुंबरबाईंनी सूर्याची बाजू घेतली. हाळी बंद झाली. वर शेजारधर्म म्हणून त्या विचारायच्या, "राजमती, आज बी उपासच व्हय गं?"

"व्हय," वहिनी म्हणायच्या. "स्वस्त पडतंय."

वहिनी भांडल्या असत्या तर चौगुल्यांना बरं वाटलं असतं. त्या भांडत नव्हत्या. दिवसा एकदा जेवायच्या आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पाण्यावर काढायच्या. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरायला लागल्या. एके दिवशी चौगुल्यांनी धीर केला.

"तू जेवून घेत जा. नियम मोडला तर माझ्यामुळं मोडला. पाप माझ्या नावावर."

"अकरा खाती हायत की तुमच्या नावावर," वहिनी म्हणाल्या. "हे बारावं कशाला?"

चौगुल्यांना त्या रात्री झोप आली नाही. सकाळी ऑफिसात गेल्यागेल्या त्यांनी अकरा माणसांना नाव बदलायचे निरोप पाठवले. दुपारपर्यंत एकही मान्य होईना. ज्ञानू शेडमध्ये भेटला तो मोबाइल हाताच्या अंतरावर धरूनच. "अण्णा, ह्यावर तांबडं कायतरी आलंय. मी हात लावल्याला न्हाय हां. लेकाला सांगून ठेवलंय, तू बी लावू नगंस." विश्वजितनं सभ्यपणा दाखवला. त्यानं नकार दाबला आणि वर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही. पुण्याला फोन लावला तर स्नेहल म्हणाली, "सर, माझ्या हातात काही नाही. नाव स्वीकारायला कुणीतरी तयार हवं. मालक स्वतः घेऊ शकतात."

मालक! चौगुल्यांनी दोन दिवस स्कूटरवर हेल्मेटच्या आत "न्हाय, दादा, न्हाय" असं म्हणून बघितलं. हेल्मेटमध्ये चांगलं घुमत होतं. तिसऱ्या दिवशी केबिनमध्ये शिरले. विजयसिंह कुणालातरी फोनवर म्हशीच्या दुधाचं सांगत होते. ते थांबेपर्यंत चौगुल्यांचं निम्मं धैर्य गळलं. उरलेल्या निम्म्यावर ते बोलले.

"दादा, मला हे जमायचं न्हाय."

विजयसिंहांनी फोन खाली ठेवला. चौगुल्यांच्या तोंडून असलं काही त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. "काय जमायचं न्हाय?"

"अकरा खाती. मला उजेडात घरी जायचं हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. महाराज, नियम, झाकलेली ताटं, बांगड्या.

"आरं द्येवा!" विजयसिंह खुर्चीतनं उठले. "वहिनी उपाशी? माझ्या फाउंड्रीमुळं? चौगुले, आधी सांगायचं न्हवं व्हय हे? पाठवा, आत्ताच्या आत्ता पाठवा सगळी माझ्या नावावर!"

चौगुल्यांनी पाठवली. विजयसिंहांनी चष्मा न लावताच अकरा वेळा "मान्य" दाबलं आणि म्हणाले, "जावा आता. पळा. सूर्य बगा तिकडं."

त्या दिवशी चौगुले घरी आले तर वहिनी अजून भाकरी थापत होत्या. पश्चिमेच्या खिडकीतनं उजेड थेट ताटात पडला होता. दोघं समोरासमोर बसले. पहिला घास घेताना दोघांनाही थोडं लाजल्यासारखं झालं, नव्या जोडप्यासारखं. चौगुल्यांना दिसलं की वहिनींच्या भांगाजवळ पांढरे केस बरेच झालेत, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनी त्यांच्याकडं बघत राहिल्या.

"काय?" चौगुल्यांनी विचारलं.

"तुमच्या कानावर केस आल्यात," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढली.

झुंबरबाईंकडं त्या दिवशी डबा गेला नाही. त्या सहज म्हणून दारात येऊन डोकावून गेल्या आणि "बरं झालं बाई" म्हणून गेल्या. म्हणताना तोंड मात्र दोडक्यासारखं झालेलं.

असे चार दिवस गेले. पाचव्या सकाळी चौगुल्यांनी कॉम्प्युटर उघडला तर समोर अकरा खाती. चुकलं असेल म्हणून बंद करून पुन्हा उघडला. अकरा खाती, आणि खाली आणखी दोन, विजयसिंहांची स्वतःची. खरेदीची मंजुरी एक, डिझेलची एक. प्रत्येक खात्यापुढं नाव विजयसिंहांचं आणि त्याखाली बारीक अक्षरात, प्रतिनिधी, शांतिनाथ चौगुले.

झालं होतं ते असं. चार संध्याकाळ विजयसिंहांचा मोबाइल वाजत राहिला. एकदा पाहुण्याच्या साखरपुड्यात, एकदा तालमीत, एकदा तर म्हैस विताना. वाळू का जास्त? वीज का जास्त? त्यांनीही "सांडली" लिहून बघितलं, त्यांनाही अपुरं आलं, आणि दिवस बंद करायला रात्री ऑफिसात परत यावं लागलं. शेवटी त्यांनी वैतागून पुण्याला फोन लावला. स्नेहल म्हणाली, "सर, तुम्ही प्रतिनिधी नेमू शकता. एक बटण आहे." प्रतिनिधीनं मान्य म्हणायची गरज नव्हती. तो काही जबाबदार नव्हता, त्यानं फक्त काम करायचं होतं.

चौगुले केबिनमध्ये गेले. विजयसिंह खुशीत होते.

"बघितलं न्हवं? तुमची अडचण कायमची मिटवली. नाव माझं, काम तुमचं. आता कुनी काय बोललं तर माझं नाव सांगा."

"दादा, पण उजेडात..."

"आता काय काळजी? तुमच्या नावावर कायबी न्हाय की!"

खरंच होतं. तक्रार नावाची केली होती, आणि नाव गेलं होतं. आता पुन्हा तक्रार करायची तर कशाची? मालकानं अकरा वेळा मान्य दाबलं, बायकोची चौकशी केली, "पळा" म्हणाले. एवढ्या चांगल्या माणसाला दुसऱ्यांदा न्हाय कसं म्हणायचं? चौगुल्यांचा शब्द पुन्हा घशात आडवा पडला, आणि ह्या वेळी तो तिथं चांगलाच पाय पसरून झोपला.

कार्तिकात तर दिवसपाळी सुटली की सूर्य निघालाच. ताटं झाकलेली, डबा झुंबरबाईंकडं, पाणी. वहिनींनी आठवडाभर बघितलं. मग एका दुपारी त्यांनी भाकऱ्या लवकर केल्या, दोन ताटं, दोन वाट्या, तांब्या, सगळं पिशवीत भरलं, दाराला कुलूप घातलं आणि वडापच्या रिक्षानं गोकुळ शिरगावला निघाल्या. झुंबरबाईंनी विचारलं, "कुठं गं?" वहिनी म्हणाल्या, "नवऱ्याला आणायला."

आणायलाच गेल्या होत्या त्या. जेवण झालं की मालकासमोर उभं राहायचं आणि ह्यांना उजेडात सोडा म्हणून सांगायचं, असं वाटेत सगळं ठरवलं होतं.

चौगुले तेव्हा साच्यांच्या शेडमध्ये ज्ञानूसमोर उभे. वहिनी थेट तिथंच येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूला काळी वाळू, साच्याची वाळू भरायच्या रिकाम्या लोखंडी पेट्या, पलीकडं भट्टीची धग.

"कुठं बसायचं?" वहिनींनी विचारलं. "सूर्य पडायला आलाय."

ज्ञानूनंच दोन पेट्या पालथ्या घातल्या, वर पोतं पसरलं. पश्चिमेकडं शेड उघडी होती. वहिनींनी ताटं वाढली. वाढता वाढता ज्ञानूच्या हातावरही चटणीभाकरी ठेवली. तो तिथंच उकिडवा बसून खाऊ लागला.

"काय बोलत होता मघाशी?" वहिनींनी विचारलं.

"वाळू जास्त का जाती, ते," चौगुले म्हणाले.

वहिनी ज्ञानूकडं वळल्या. "का जाती रे?"

ज्ञानूनं घास गिळला. "पेटीला फट पडलीया, वहिनी. तीन नंबरच्या. दिवाळीच्या आदीपास्नं गळतीया."

"मग ह्यांना का न्हाय सांगितलंस?"

"अण्णा लिवून घेत्यात. तुम्ही नुसतं इच्यारलासा."

तेवढ्यात विजयसिंह फेरीवर आले. वहिनी पदर सावरून उठणार, बोलायचं ते ओठांवर आलेलं, पण विजयसिंहांनीच हात जोडले.

"बसा, बसा, वहिनी! ताटावरनं उठायचं न्हाय. आवो, मला जीवाला लागून राहिलं होतं बगा. झालं की झक्कास! चौगुले, ह्याच्यासारखं काय न्हाय. एकत्र जेवणं, उजेडात, नियम बी पाळला, काम बी थांबलं न्हाय. रोज या, वहिनी!" मग शेडमध्ये ओरडून, "आरं, पेटीवर काय बशिवलंय? केबिनमधलं टेबल आना. दोन खुर्च्या. पंखा लावा हितं!"

चार माणसं पळाली. टेबल आलं, खुर्च्या आल्या, भिंतीला पंखा लागला. ज्ञानूनं तीन नंबरच्या पेटीचं सांगितलेलं विजयसिंहांच्या कानावर गेलं तेव्हा ते आणखी खूश झाले. "वहिनींना बरं सांगतोस रे, गड्या! वहिनी, तुम्हीच इच्यारत जावा ह्यास्नी रोज. चौगुल्यांचं काम हलकं हुईल."

एवढं बोलून, पुन्हा हात जोडून ते गेले. वहिनींच्या ओठांवरचं तिथंच राहिलं. एवढ्या मानानं बसवलेल्या माणसानं भांडण तरी कुठनं काढायचं? मंडईत तराजू पुसून घेणाऱ्या बाईला आज पहिल्यांदा शब्द मिळेना. चौगुल्यांनी ते बघितलं. न्हाय म्हणू शकणारं एकच माणूस घरात होतं, आणि आपल्या डोळ्यांदेखत ते खुर्चीवर बसलं होतं.

उद्या येऊ नको, असं त्यांना सांगायचं होतं. पण येऊ नको म्हणायचं म्हणजे घरी उपाशी बस म्हणायचं. ये म्हणायचं म्हणजे कार्तिक संपला तरी ये, आणि पुढं नियम सुटला तरी टेबल काही सुटायचं नाही. तांबडा उजेड वहिनींच्या तोंडावर होता. चांगला स्वच्छ दिसत होता चेहरा.

"घास घ्या," वहिनी म्हणाल्या. "बघत काय बसलाय?"

चौगुल्यांनी घास घेतला, चावला, गिळला.

"उद्या चटणी जरा जास्त आण," ते म्हणाले. "ह्या लोकांना आवडलीया."

सूर्य गेला तशी वहिनींनी ताटं पुसली, पिशवीत भरली. एकटीला वडाप मिळायची ती वेळ नव्हती, म्हणून त्या टेबलाशी थांबल्या. पंखा नको तेवढ्या जोरात फिरत होता, आणि तो बंद कुठनं करायचा हे त्यांना माहीत नव्हतं. चौगुले आत गेले. साच्यांच्या खात्याचं कारण आज पहिल्यांदा एका दमात लिहून झालं. अजून भट्टी राहिली होती.